चीक निघाला बेंगळूरला

सामान बांधण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या वसमत तालुक्यात नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. हळदीचं पोतं मी असं शिवतो की बाजारात हमालाला टाका उसवताना घाम फुटतो. आमच्या हट्टा गावात कुणाच्या पोरीचा संसार सासरी पाठवायचा असला की बोलावणं मलाच येतं. त्यामुळं माझी लेक प्रियदर्शनी बेंगळूरहून फोनवर म्हणाली, "बाबा, खरवस खावा वाटून राहिला," तेव्हा मी एवढंच म्हटलं, "आलाच समज."

पोरीला सातवा महिना. तिकडं खरवस मिळत नाही असं नाही. जावई सोमेश्वरराव कुठूनतरी घेऊन आले होते. पण तो म्हणे दूध पावडरीचा. तिनं एक घास घेतला आणि वाटी सरकवून दिली. तिला पाहिजे होता शेजारच्या अमिनाबींच्या म्हशीच्या चिकाचा. लहानपणी त्यांची म्हैस व्याली की ही त्यांच्या चुलीपुढं जी बसायची, ती भांडं खरवडूनच घरी यायची. आणि योग बघा, त्याच आठवड्यात अमिनाबींची म्हैस व्याली. मी लगेच दुसऱ्या दिवशीचं विमानाचं तिकीट काढायला लावलं.

"हितंच खरवस करून देते," माझी बायको शालूबाई म्हणाली. "वड्या कापायच्या, डब्यात भरायच्या. हाय काय त्यात?"

"पाणी सुटंल. वाटेत आंबंल," मी म्हटलं. "पोरीला वाफाळता पाहिजे. चीक गोठवून न्यायचा, तिथं जाऊन शिजवायचा."

"तुमाला कोन सांगावं," म्हणून ती आत गेली. हा संवाद मी फार मनावर घेतला नाही.

सोमेश्वररावांनी फोनवर सगळं समजावलं. पातळ पदार्थ हातातल्या पिशवीत चालत नाही. मोठ्या सामानात द्यायचा. दगडासारखा गोठवायचा, गळायला नको. अमिनाबींचा साजीद वसमतला कोंबड्यांचं खाद्य आणि औषधं विकतो. कोंबड्यांची लस थंड राहावी म्हणून त्याच्याकडं थर्माकोलच्या पेट्यांतून येते. त्यातली एक नवीकोरी पेटी आणि गोठवलेल्या जेलच्या निळ्या पिशव्या त्यानं आणून दिल्या. पेटी जाडजूड, पांढरीशुभ्र. झाकणावर कोंबडीच्या पिल्लाचं पिवळंधमक चित्र. मला ते चित्र फार आवडलं.

अमिनाबींनी चिकाचा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला, तो लेकरू दिल्यासारखा. "माणिकभाऊ, पहिल्या दिवसाचा हाय. पोरीला बराबर पोचवा. मंग मला फोन करा."

रात्रभर डबा आमच्या फ्रीजमध्ये गोठला. सकाळी मी तो जेलच्या पिशव्यांमध्ये बसवला, झाकण लावलं आणि पेटीला इतकी चिकटपट्टी गुंडाळली की लग्नाच्या मांडवालाही एवढं कापड लागत नाही. चित्र तेवढं उघडं ठेवलं. असं काम झालं की मन कसं भरून येतं.

विमानतळावर सामान देण्याच्या काउंटरवर एक पोरगी बसली होती. नवी आलेली असावी. मराठी तिला येत नव्हतं, आणि माझी हिंदी म्हणजे मराठीलाच लुगडं बदलून उभी केलेली.

"अंकल, इसमें क्या है?"

"चीक," मी म्हटलं.

तिनं झाकणावरच्या चित्राकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "चिक? कितने दिन का?"

पोरगी जाणकार दिसते, मला वाटलं. "एकच दिन का. कल ही हुआ. एकदम ताजा."

"और इसकी मदर?"

"वो घर पे है. गोठे में."

"बस एक ही है?"

"बहोत था. बाकी का मोहल्ले में बांट दिया. सब लोगां ने खाया."

पोरीचा चेहरा उतरला. मला वाटलं, कच्चा खाल्ला असं समजली की काय. म्हणून मी समजूत घातली, "कच्चा नहीं खाया. गूळ डालके, भाप पे पकाके."

ती खुर्चीतून अर्धी उठली. पेटीवरून हात फिरवून म्हणाली, "अंकल, इसमें तो एक भी छेद नहीं है. हवा कहाँ से जाएगी?"

इथं माझा ऊर भरून आला. बांधणीची पारख असलेलं माणूस भेटलं होतं. "बिलकुल नहीं जाएगी," मी म्हटलं. "मैंने खुद बांधा. ऊपर से, नीचे से, चारों बाजू से बरफ है."

"बरफ में रखा है?"

"तो क्या. गरम हुआ तो फटेगा ना."

आता दूध फाटतं हे पोराबाळांना ठाऊक आहे. पण विमानतळावर हा शब्द मोठ्यानं बोलायचा नसतो, हे मला सोमेश्वररावांनी सांगितलं नव्हतं. माझ्यामागं उभा असलेला माणूस आपली बॅग घेऊन निघून गेला. त्याच्यामागचं अख्खं कुटुंब गेलं. रांग अशी विरघळली की मागं वळून पाहिलं तर मी आणि माझी पिशवी.

तेवढ्यात पेटीच्या आतून आवाज आला. टक.

गार डब्याचं झाकण जरा ऊब लागली की वाजतं. घरी फ्रीजमधून काढल्यावरही वाजलं होतं. पण हे समजावून सांगायला समोर कुणी राहिलंच नव्हतं. पोरगी काउंटर सोडून लांब जाऊन उभी होती.

सुरक्षेचे एक साहेब आले. उंचेपुरे, मिशा अशा की त्यावर लिंबू ठेवावं. छातीवरच्या पट्टीवर नाव हिरासिंग. त्यांनी पेटीकडं पाहिलं, मग शांतपणे विचारलं, "ताऊ, क्या फटेगा?"

"चीक, साहेब."

"चिक कैसे फटेगा?"

"गरम होने से."

साहेबांनी पेटीकडं बोट केलं. "खोलिए इसको."

मी पेटीला आडवा झालो. भीती वर्दीची नव्हती. पेटी उघडली की गारवा जाणार, गारवा गेला की चीक पातळ होणार, आणि चीक पातळ झाला की तिकडं लेक पुन्हा पावडरीच्या वाटीकडं बघत बसणार. "साहेब, खोलो मत," मी हात जोडले. "पोरगी पेट से है. उसके वास्ते है."

यानं काम सोपं झालं नाही. पोटुशा बाईसाठी जिवंत पिल्लू बर्फात घालून चाललेला म्हातारा, असं आता माझं रूप झालं असावं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी अमिनाबींना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"पोचला का चीक?" अमिनाबी.

"न्हाई. हितं साहेब धरून राहिले. तुमी जरा हिंदीत सांगा."

अमिनाबींनी घसा साफ केला. "सलाम साब. वो हमारी भैंस का है."

हिरासिंग साहेबांनी पेटी एकदा नजरेनं मोजली. "भैंस का बच्चा? इतने से डब्बे में?"

"बच्चा नै साब. बच्चा इधरीच खेल रहा. ये उसका दूध है. भैंस जनी तो पैले दिन का गाढा दूध आता ना, वो. खोलको देखो, इसमें क्या तकलीफ है."

साहेबांच्या मिशा हलल्या. "खीस?" ते म्हणाले. "ताऊ, खीस ले जा रहे हो?"

खीस की काय ते मला माहीत नव्हतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी मान हलवली. माझ्या चिकटपट्टीनं त्यांची दोन माणसं चांगलीच दमवली, एवढं मात्र मी अभिमानानं सांगतो. डब्याचं झाकण निघालं. आत पिवळसर, दाट, दगडासारखा गोठलेला चीक. काउंटरवरची पोरगी हळूहळू जवळ आली, डोकावली, आणि एकदम म्हणाली, "जुन्नू!"

तिच्या आंध्रात याला जुन्नू म्हणतात. तिची आई मिरी घालून करते. साहेबांच्या हरियाणात खीस. तिकडं त्यांच्या घरी म्हैस व्याली की त्यांची आई आधी गल्लीत वाटते, मग घरात ठेवते. हे सांगताना साहेब डब्याकडं असे बघत होते की मला वाटलं, आता चमचा मागतात. पण मागितला नाही. डबा स्वतःच्या हातानं परत बसवला, पिशव्या नीट लावल्या आणि चिकटपट्टी गुंडाळायला मला मदत केली. त्यांची गुंडाळी सैल होती. मी हळूच वरून अजून एक वेढा दिला. पोरीनं पिल्लाच्या चित्रावर कागद चिकटवून टाकला आणि म्हणाली, "अंकल, अगली बार बोलना, मिल्क."

बेंगळूरला सामानाच्या पट्ट्यावर पेटी उलटी होऊन आली, पण आली. घरी जाऊन उघडली तर चीक कडेनं जरा सुटलेला, मधून अजून दगड. शालूबाईनं व्हिडिओ कॉलवरून हुकूम सोडले, मी आणि सोमेश्वररावांनी ते पाळले. चीक गाळला, दूध घातलं, गूळ किसला, वेलदोडा कुटला, कुकरची शिट्टी काढून वाफेवर ठेवला. घरभर वास सुटला तशी प्रियदर्शनी कमरेवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथंच खाली बसली, अमिनाबींच्या चुलीपुढं बसायची तशी.

तिनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडं बघत उभे.

"चाचीच्याच म्हशीचा हाय," ती म्हणाली. मग वाटी संपवली, दुसरी घेतली, ती पण संपत आली. मी अमिनाबींना फोन लावून नुसता तिच्या चमच्याचा आवाज ऐकवला. तिकडून त्या म्हणाल्या, "बस, बराबर पोचला."

त्या दुपारी माझ्याएवढा समाधानी माणूस बेंगळूरात शोधून सापडला नसता. गादीवर लोळून मी जावयाला पेटीची बांधणी समजावून सांगत होतो. ते बिचारे ऐकत होते.

तेवढ्यात प्रियदर्शनी येऊन पायाशी बसली. "बाबा, तुमी एवढं सगळं बराबर आणलं. मला वाटलं नव्हतं."

"त्यात काय," मी म्हटलं.

"आता ना, हुरडा खावा वाटून राहिला. आपल्या शेतातला. आगटीच्या निखाऱ्यातून काढून हातावर चोळलेला, गरम गरम."

शालूबाई जावयांच्या फोनवर अजून होतीच. तिच्या हसण्यानं फोन गादीवरून खाली पडला. मी सोमेश्वररावांकडं पाहिलं. ते छताकडं पाहून राहिले होते.

"बर्फाचं मला आता समजलंय," मी हळूच म्हटलं. "विमानात आगटी चालती का, तेवढं तुमी विचारून घ्या."