व्याह्यांची बाटली आणि हेडबाईंचं टॉनिक

"वाईन म्हणजे तरी काय? शेवटी एक मिश्रणच! आणि मिश्रणं हाताळण्यात माझा जन्म गेलाय!" असं मोजमाप्यांनी छातीठोकपणे सांगितलं, त्याच क्षणी खरं तर घरातल्या कोणीतरी त्यांचे हात बांधून ठेवायला हवे होते. पण बांधणार कोण? बायको खाली दुकानात होती आणि चिरंजीव लग्न ठरणार या आनंदात आरशासमोर होते.

मोजमापे हे त्यांचं आडनाव नव्हे बरं का! त्यांचं औषधांचं दुकान. चहात दूध घालतानासुद्धा ते भांडं डोळ्यांच्या रेषेत धरून, श्वास रोखून घालायचे. गल्लीने हे बघितलं आणि नाव ठेवून टाकलं. दुकानामागे त्यांची एक छोटी खोली होती. सगळी औषधं कारखान्यातून तयार येऊ लागली तरी तिथे ते अजून एक टॉनिक स्वतःच्या हातांनी बनवत. रक्तवाढीचं, गडद लाल रंगाचं. त्याचा त्यांना पोटच्या पोराइतका अभिमान होता, आणि पोरापेक्षा ते जास्त आज्ञाधारक होतं.

तर त्या दिवशी सकाळी होणारे व्याही स्वतः येऊन एक बाटली ठेवून गेले होते. व्याही घड्याळं दुरुस्त करायचे. बोलणंसुद्धा टिक टिक करत, सावकाश.

"पोर जन्मली त्याच आठवड्यात घेतली ही," ते म्हणाले. "वाईन करणारं नावाजलेलं घराणं आहे. ऐपत नव्हती तेव्हा, तरी घेतली. म्हटलं, पोरीचं लग्न ठरेल त्या दिवशी उघडू. जुनी आहे, तळाला गाळ साचलाय. येताना ढवळला असेल, म्हणून आधीच आणली. उद्या संध्याकाळी आम्ही येऊ, तोवर उभी ठेवा. आणि हलवू मात्र नका हं!"

"व्याहीबुवा! काय हलवायचं आणि काय नाही, हे तुम्ही मला सांगता?"

व्याही हसले आणि निर्धास्त मनाने गेले. बिचारे!

मग घरात जणू कोणी आजारी पडलं. "दार आपटू नकोस, गाळ उठेल!" "मोठ्याने शिंकू नकोस!" बायकोने विचारलं, "अहो, मी केर काढू की नको?" "काढ, पण हळू काढ!" रात्रभर बाटली कपाटावर स्वस्थ झोपली. झोपले नाहीत ते मोजमापे.

कारण त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. व्याही विचारणार, "कशी वाटली?" मग आपण काय सांगायचं? चवी त्यांना ठाऊक होत्या त्या औषधांच्या: संत्रं, स्ट्रॉबेरी आणि कडू. एवढ्या पुंजीवर त्या नावाजलेल्या घराण्याबद्दल काय बोलणार, कपाळ! त्यांनी ठरवलं, आधीच गुपचूप चमचाभर चाखायची, दोन झकास वाक्यं तयार ठेवायची आणि संध्याकाळी व्याह्यांना गार करून टाकायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटली तान्ह्या बाळासारखी कवेत घेऊन ते मागच्या खोलीत आले. बुचात स्क्रू घातला, जरा ओढला. जुनं बूच ते! अर्धं हातात आलं, उरलेल्याचा भुगा झाला आणि वाईनवर तरंगायला लागला. मोजमाप्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण हात अनुभवी होते, ते थांबले नाहीत. त्यांनी जाळीचं कापड घेतलं, नरसाळं घेतलं, एक स्वच्छ तपकिरी बाटली घेतली आणि सगळी वाईन गाळून टाकली! बुचाचा भुगा कापडात अडकला. बारीक गाळ मात्र वाईनबरोबर थेट खाली गेला. "बसेल पुन्हा संध्याकाळपर्यंत," ते पुटपुटले. या गडबडीत चाखायचं राहूनच गेलं.

आता मूळ बाटली वर नेऊन विसळायची, नवं बूच शोधायचं, खाली येऊन वाईन परत भरायची. बेत उत्तम होता. पण खोलीतून निघताना त्यांच्या हाताने एक काम परस्पर उरकलं. लेबल नसलेली बाटली त्या हाताला बघवत नसे. त्याने एक लेबल ओलं केलं आणि तपकिरी बाटलीवर चिकटवून दिलं: "चांगले हलवून दोन चमचे घ्यावे." डोक्याला याचा पत्ताच नव्हता!

त्या बाटलीच्या मागेच सकाळी बनवलेली टॉनिकची बाटली उभी होती. तोच आकार, तोच रंग, तेच लेबल. मोजमापे वर बूच शोधत असताना दुकानाच्या फळीवर छत्रीची मूठ आपटली. हेडबाई! समोरच्या घरात राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, पण गल्लीतून अजून न झालेल्या!

"माझं टॉनिक तयार आहे ना? उपयोग तर काही होत नाही त्याचा, पण द्या!"

मोजमाप्यांच्या बायकोने मागच्या खोलीतून समोरची बाटली उचलली आणि कागदात गुंडाळून दिली. वर्षानुवर्षं ती हेच करत आली होती. तिला काय माहीत, आज बाटल्या दोन होत्या!

थोड्या वेळाने मोजमापे खाली आले. एकच बाटली उरलेली बघून, टॉनिक गिऱ्हाइकाने नेलं असणार असं धरून, त्यांनी ती डोळ्यांच्या रेषेत धरली आणि श्वास रोखून नावाजलेल्या घराण्याच्या बाटलीत ओतली. वर नवं बूच ठोकून बसवलं, बुचावरचं वेष्टन चापूनचोपून सारखं केलं. एक थेंब सांडला नाही! स्वतःवरच खूश होऊन त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

संध्याकाळी व्याही, विहीणबाई आणि मुलगी आली. गप्पा झाल्या, हसणं झालं आणि व्याह्यांनी बाटली उघडली. ग्लास उजेडात तिरका धरला. "इतक्या जुन्या वाईनला कडेला विटकरी छटा यायला हवी होती..." ते म्हणाले. वास घेतला. एक घोट घेतला. मग ग्लास खाली ठेवला.

"गेली," ते म्हणाले.

"अगंबाई, कोण गेलं?" मोजमाप्यांच्या बायकोने घाबरून विचारलं.

"वाईन. मेली ही. फार वेळ ठेवली मी."

"बाबा, असू दे ना," मुलगी त्यांचा हात धरून म्हणाली.

"अंधारात ठेवली होती गं. उन्हाळ्यात ओलं फडकं गुंडाळायचो. वाटायचं, या दिवशी तुझ्या हातात ग्लास देईन आणि सांगेन, ही तुझ्याएवढी आहे." घड्याळजींनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले.

मोजमाप्यांनी आपल्या ग्लासातला घोट घेतला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. लोह! साखरेचा पाक! संत्र्याचा अर्क! पोटच्या पोराला कोण ओळखणार नाही?

आता बघा, गप्प बसले असते तर कोणालाही काही कळलं नसतं. वाईन म्हातारपणाने गेली, झालं! कोण तिची चौकशी लावणार होतं? मोजमाप्यांच्या मनात हे आलं, आणि चांगलं घर करून राहिलं. पण घड्याळजींचा चष्मा काही पुसून होईना. मोजमाप्यांना ते बघवलं नाही.

"व्याहीबुवा," ते घसा खाकरत म्हणाले, "वाईन मेलेली नाही. हे... हे माझं रक्तवाढीचं टॉनिक आहे."

विहीणबाईंनी आपला रिकामा ग्लास हळूच खाली ठेवला. "तरीच!" त्या म्हणाल्या. "मला एकदम तरतरी आली!"

मग मोजमाप्यांनी बुचापासून जाळीच्या कापडापर्यंत सगळं सांगितलं. व्याह्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग माझी वाईन कुठेय?"

मोजमाप्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोचा हात तोंडावर गेला. "अहो! हेडबाई!"

सगळं लटांबर रस्ता ओलांडून धावलं. सगळ्यांत पुढे व्याही. ते धावू शकतात हे त्यांच्या मुलीलाही त्या दिवशीच कळलं. हेडबाईंनी स्वतः दार उघडलं. हातात छत्री नव्हती. गाल गुलाबी होते.

"या, या, मोजमापे! जन्मात पहिल्यांदा तुम्ही कामाचं औषध केलंत!"

"बाई, किती घेतलंत?"

"लेबलाप्रमाणे. दोन चमचे. बरं वाटलं म्हणून आणखी दोन. मग इतकं बरं वाटलं की चमचा बाजूला ठेवला."

टेबलावर बाटली होती. निम्म्याच्याही खाली आलेली.

"आणि हो, दर वेळी चांगली खळखळून हलवली बरं! सूचना असतात त्या पाळण्यासाठी!"

व्याह्यांनी डोळे मिटून घेतले. मोजमाप्यांनी चाचरत खरं काय ते सांगितलं. हेडबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"वाईन? मी? गल्लीला अर्धा जन्म व्यसनमुक्तीवर भाषणं दिली मी!" त्यांनी बाटली उचलून किती उरलीय ते बघितलं. मग म्हणाल्या, "उघडलीच आहे तर पोरीसाठी संपवा. थांबा, औषधाची मापं आणते."

मोजमापे टेबलाशी गुडघ्यांवर बसले आणि औषधाच्या मापांत रेघेवर रेघ जुळवून त्यांनी सगळ्यांना सारखी वाईन ओतली. व्याह्यांनी आपलं माप नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"जिवंत आहे! अहो, चांगली ठणठणीत आहे! सुकलेली फळं... पावसाळी माती... आणि मागून अजून काहीतरी..."

"जुनं दप्तर," हेडबाई म्हणाल्या. "दुपारपासून तेच आठवतंय मला. चामड्याचं, आणि तळाशी कोणीतरी मनुका विसरलेलं."

"चामडं! अगदी बरोबर, बाई!" व्याह्यांनी एक माप लेकीच्या हातात दिलं. "घे. ही तुझ्याएवढी आहे." मुलगी एका हाताने डोळे पुसत प्यायली. चिरंजीव तिच्या बाजूला उभे होते, त्यांनाही आज आरसा आठवला नाही.

मग खोलीत शांतता झाली. ती आदराची आहे असं वाटेपर्यंत सगळ्यांच्या जिभा एकेक करून दातांवरून फिरायला लागल्या. गाळ! बारीक, कचकचीत, सगळीकडे सारखा पसरलेला!

"मोजमापे," व्याह्यांनी विचारलं, "कशी वाटली?"

हाच तो प्रश्न! याच्याच उत्तरासाठी दुपारपासून एवढं रामायण घडलं होतं. मोजमाप्यांनी दाताखालचा कण जिभेने बाजूला सारला.

"छान," ते म्हणाले. "चांगली हलवलेली आहे."

आधी हसले ते व्याही. चष्मा पुन्हा काढावा लागला, पण या वेळी हसून हसून. लग्न तिथेच, हेडबाईंच्या टेबलाशी ठरलं.

दुसऱ्या दिवशी मोजमाप्यांनी हेडबाईंना ताजं टॉनिक पाठवलं. दुपारी दुकानाच्या फळीवर छत्री आपटली.

"हे परत घ्या! हे नासलंय!"

"बाई, हे नेहमीचंच आहे."

"म्हणजे नेहमीच नासलेलं होतं!"

शेजारी विहीणबाई उभ्या होत्या, तरतरीसाठी तेच टॉनिक मागायला आलेल्या. मोजमाप्यांनी बाटली गुपचूप परत घेतली आणि विहीणबाईंसाठी नवं लेबल ओलं केलं. पण चिकटवण्याआधी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, झाकण उघडलं आणि आधी वास घेतला.