विहीणबाई सहारा चालून आल्या

साठी ओलांडल्यावर, सहाराच्या वाळवंटात, भर दुपारी, चार माणसांसमोर मी एका परपुरुषाचा पदर ओढला. आता ऐंशीला टेकले आहे, तेव्हा सांगून टाकायला हरकत नाही.

आमचा वाटाड्या मूसा हा तुआरेग होता. तुआरेग म्हणजे सहारात पिढ्यान्‌पिढ्या उंट घेऊन हिंडणारे लोक. त्यांच्यात बायका उघड्या तोंडाने मोकळ्या फिरतात आणि पुरुष लांबलचक निळ्या कापडात डोकं नि तोंड गुंडाळून घेतात, डोळे तेवढे दिसतात. तर मूसा कापडाच्या आडून चहा पीत होता आणि त्याला जोरात ठसका लागला. माझा सगळा जन्म पुण्यात शाळेत शिकवण्यात गेलेला. ठसका लागलेलं पोर दिसलं की माझा हात आपोआप पुढे जातो. मी उठले, "अरे बाबा, आधी मोकळा श्वास घे" म्हणाले आणि त्याच्या तोंडावरचं कापड खसकन हनुवटीखाली ओढलं.

ठसका जागच्या जागी थांबला. उंटसुद्धा रवंथ करायचे थांबले असं मला वाटलं. पन्नाशीचा तो मिशीवाला गडी मान खाली घालून दोन्ही हातांनी तोंड झाकत होता आणि त्याचे दोघे सोबती भलतीकडेच पाहत होते. आम्हाला घेऊन आलेली बार्बरा "ओ डिअर" एवढंच पुटपुटली.

तेव्हा माझ्या विहीणबाई उठल्या. त्यांनी आपला पदर डोक्यावरून घेऊन तोंडावर ओढला, माझ्याही पदराचं तेच केलं, मला खांद्याला धरून गर्रकन वळवलं, आणि आम्ही दोघी दगडांकडे तोंड करून नव्या नवऱ्या बसाव्यात तशा बसलो. मागे मूसाने कापड नीटनेटकं केलं असावं. थोड्या वेळाने तो हसल्याचा आवाज आला.

पदराआडून विहीणबाई मला म्हणाल्या, "माणसाची लाज कुठे राहते ते आधी पाहून घ्यावं न, विहीणबाई. मग हात घालावा."

या विहीणबाई म्हणजे माझ्या जावयाच्या, निखिलच्या, आई. नाव शरयू, गाव नागपूर. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. अमेरिकेत अ‍ॅशबर्नला, माझी लेक अमृता आणि निखिल यांच्या घरी त्या तीन वर्षं राहिल्या, आणि ती तीनही वर्षं त्यांच्या खांद्याला पर्स होती. घरातल्या घरात. पोळ्या लाटताना, टीव्ही बघताना, गॅलरीत तुळशीला पाणी घालताना. आत पासपोर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या आणि नागपूरच्या फ्लॅटची किल्ली. मी पहिल्यांदा तिकडे गेले तेव्हा न राहवून विचारलं, "कुठे निघालात का?"

"निघाले नाही," त्या म्हणाल्या. "पण निघता यावं न."

दुसरी गोष्ट म्हणजे त्या जगातल्या सगळ्यांशी मराठीत बोलत. किराणा दुकानातल्या गोऱ्या मुलीला "पिशवी डबल दे वं, दूध आहे" म्हणत आणि ती निमूटपणे डबल पिशवी देई. मी तेच वाक्य घरून इंग्रजीत जुळवून नेलं की ती मला "एक्स्क्यूज मी?" म्हणे. मी स्वतःला फार शिकलेली समजत होते त्या काळात. 

आणि तिसरं म्हणजे "हे तर काहीच नाही". बर्फाचं वादळ आलं, हे तर काहीच नाही. मिरची तिखट निघाली, हे तर काहीच नाही. सगळ्या गोष्टींची तुलना नागपूरशी व्हायची आणि नागपूर जिंकायचं.

घोडं अडलं ते एका हिवाळ्यात. विहीणबाई घरापुढच्या ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, साधं खरचटलंही नाही. पण निखिल घाबरला. त्या दिवसापासून जिना बंद, एकटीने गॅस पेटवणं बंद, कोपऱ्यावरच्या पेटीतून टपाल आणणं बंद. "आई, तू बस." "आई, मी आणतो." "आई, डोन्ट." दोन महिन्यांनी त्या नागपूरला परत जाणार होत्या, ते तिकीट त्याने कॅन्सल केलं. तिकडे एकटी पडलीस तर उचलणार कोण, हा त्याचा प्रश्न. त्यात चूक काहीच नव्हतं, म्हणून तर उत्तर देता येत नव्हतं.

"मुलगा चांगला आहे हो माझा," मी पुन्हा लेकीकडे मुक्कामाला गेले तेव्हा त्या मला म्हणाल्या. "पण उशी करून राहिला माझी. ठेवली तिथे ठेवली."

अशातच गावातल्या सीनिअर सेंटरमध्ये बार्बराने फोटो दाखवले. ही शाळेतून रिटायर झालेली फ्रेंचची बाई. दर हिवाळ्यात चारदोन माणसं जमवून अल्जीरियाच्या दक्षिणेला जायची, तुआरेग सोबत्यांबरोबर आठ दिवस वाळवंटातून पायी. सामान उंटावर, माणसं जमिनीवर. विहीणबाईंनी घरी येऊन जेवताना सगळं सांगितलं. निखिल हसला. म्हणाला, "आई, तू आठ दिवस वाळवंटात चाल, मग तुझं नागपूरचं तिकीट मी स्वतः काढतो. पण उंटावर बसायचं नाही. आणि पडायचं तर अजिबात नाही."

विहीणबाईंनी आमटीचा डाव खाली ठेवला. "साक्षीला कोण?"

टेबलावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आता मी मुलीची आई. मुलाच्या आईला नाही म्हणायची सवय आमच्या पिढीला कोणी लावलीच नव्हती. शिवाय मी भूगोलाची शिक्षिका. सहारा मला पाठ होता. फळ्यावर आफ्रिका काढून तिच्या डोक्यावर पिवळा खडू आडवा फिरवला की झाला सहारा. मी "त्यात काय" असं म्हणाले. हे दोन शब्द मला पुढे फार महाग पडले.

निखिलची सगळी आशा डॉक्टरवर होती. डॉक्टरने विहीणबाईंना ट्रेडमिलवर चढवलं. पुढचा पेशंट खोळंबला म्हणून त्यांना खाली उतरवावं लागलं.

दोन हजार सहाच्या जानेवारीत आम्ही निघालो. विहीणबाईंनी दोन साड्या, एक स्वेटर आणि पांढरे स्पोर्ट शूज घेतले. मी घेतली छत्री, टाल्कम पावडर, सहा इस्त्रीच्या साड्या आणि इस्त्री मोडू नये म्हणून त्यांच्यात घालायला वर्तमानपत्रं. पहिल्या दिवशी उंटावर सामान चढवताना मूसाने माझी छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि अतिशय आदराने उंटाला बांधली. आठ दिवस तो उंट माझ्यापेक्षा रुबाबात चालला.

पहिले तीन दिवस वाळूच नव्हती. काळे दगड, खडे, डोंगर, पुन्हा दगड. विहीणबाई पुढे मूसाबरोबर, मी मागे छत्रीवाल्या उंटाबरोबर. मधूनच त्या थांबून मला विचारत, "विहीणबाई, वाळू कुठे आहे? मुलांना काय शिकवलं तुम्ही?" पिवळ्या खडूची मला तेव्हा खरोखर शरम वाटली.

ऊनही त्यांच्या पसंतीला उतरलं नाही. दुपारी डोळ्यांवर हात धरून सूर्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "एवढंच? यात आमच्याकडे पापड वाळत नाही."

मूसाशी त्या अर्थातच मराठीत बोलत. तो त्याच्या भाषेत उत्तर देई. मग दोघंही मान हलवत. बार्बराला फ्रेंच येत असून तिच्याशी मूसा जेमतेम कामापुरतं बोले. तिने मला एकदा हळूच विचारलं की हे दोघं इतकं काय बोलतात. मी कान देऊन ऐकलं. विहीणबाई निखिलच्या मुंजीत पाऊस आला होता ते सांगत होत्या आणि मूसा उंटाच्या पायाकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. दोघांचंही समाधान होत होतं.

संध्याकाळी तुआरेग कणीक मळून तिची जाड भाकरी करत, निखारे बाजूला सारत आणि ती तापलेल्या वाळूत पुरून वर पुन्हा निखारे ओढत. पहिल्या दिवशी मी ते पाहून बिस्किटांवर भागवायचं ठरवलं. विहीणबाई मात्र वाकून वास घेत म्हणाल्या, "हे तर रोडगे न, बाप्पा." त्यांच्या माहेरी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात असेच भाजत म्हणे. दुसऱ्या दिवशी त्या परातीशी जाऊन बसल्या आणि कणीक ओढून घेतली. मूसाच्या सोबत्याने जरा वेळ पाहिलं आणि परात त्यांच्याकडे सरकवली. वर्षभरात कोणी त्यांना विस्तवाजवळ बसू दिलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. दातांत वाळू कचकचत होती, पण ती भाकरी मी अजून विसरलेले नाही.

वाळू लागली ती शेवटी शेवटी, आणि लागली ती अशी की एका पावलाला दोन पावलं मागे. शेवटच्या दिवशी एक भली मोठी टेकडी होती, निव्वळ वाळूची. पलीकडे खाली मूसाच्या सासुरवाडीचे तंबू. तिथे पोचलो की प्रवास संपला, तिकीट पक्कं. विहीणबाई माझ्याआधी माथ्यावर पोचल्या. खाली तंबूंपुढे बायका उभ्या राहून आमच्याकडे पाहत होत्या.

उतरताना त्यांचा पाय निऱ्यांत अडकला. त्या पडल्या आणि गडगडत उतारावर निम्म्यापर्यंत गेल्या. मी "शरयूताई" म्हणून ओरडले. पहिला विचार त्यांच्या हाडांचा आला आणि लगेच दुसरा तिकिटाचा.

मूसा धावला. तो जवळ पोचताच विहीणबाईंनी पडल्या पडल्या तळहात वर केला. "थांब."

तो थांबला. हात पुढे केला नाही. त्यांच्यापासून दोन हातांवर वाळूत मांडी घालून बसला आणि दूर बघत राहिला, जणू इथे बसायचंच ठरलं होतं. मी धडपडत खाली आले तर त्याने काठी आडवी धरून मलाही बसवलं. मीच त्याचं कापड ओढलेलं असल्यामुळे वाद घालायला मला तोंड नव्हतं.

विहीणबाईंनी आधी एक गुडघा टेकला. वाळू सरकली, बसल्या. पुन्हा हात टेकला, पुन्हा वाळू सरकली. जरा वेळ नुसत्याच बसल्या, श्वास घेत. मला मदत करायचा इतका मोह होत होता की मी माझेच दोन्ही हात पायांखाली दाबून धरले. मग त्यांनी पाय उताराला आडवे रोवले, पदर खोचला आणि उभ्या राहिल्या. साडी झटकली, पर्स खांद्यावर नीट केली.

"चला," म्हणाल्या.

तेवढ्यात खालून आवाज उठला. त्या बायका जीभ हलवून एक लांबच लांब, खणखणीत आरोळी देत होत्या. सगळ्या एकदम.

"कोणाचं लग्न आहे का?" विहीणबाईंनी विचारलं.

मूसाने बार्बराला सांगितलं, बार्बराने मला, मी त्यांना: "ते तुमच्यासाठी आहे."

विहीणबाईंनी पदर डोक्यावरून घेतला आणि लग्नघरी जावं तशा खाली उतरू लागल्या.

तंबूत मूसाची सासू आली आणि आठ दिवस आमच्यावर हुकूम चालवणारा मूसा डोळ्यांपर्यंत कापड ओढून पाठ करून बसला. खाईना, बोलेना. सासूसमोर तोंड उघडं टाकणं त्यांच्यात अगदीच वाईट, असं बार्बरा म्हणाली.

"पाहा," विहीणबाईंनी मला कोपर मारलं. "जावई असा पाहिजे."

फ्रिज उघडून माझ्यासमोर दुधाचा कॅन तोंडाला लावणारा निखिल मला आठवला. "तुमचेच संस्कार आहेत," मी म्हणाले.

"म्हणूनच म्हणून राहिले न."

घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला निखिलने विचारलं, "काकू, खरं सांगा. आई पडली?"

विमानात मी एक छान उत्तर तयार केलं होतं, की वाळू घसरली, त्या नाही. पण समोर विहीणबाई ताठ बसल्या होत्या. साक्षीदाराने सारवासारव केली असती तर ती त्यांना आवडली नसती.

"पडल्या," मी म्हणाले. "आणि उठल्या. एकट्या. आम्ही सगळे बसून पाहत होतो."

"बसून? कुणी हात नाही दिला? व्हॉट काइंड ऑफ गाइड..."

"इथे पडले तेव्हा मी हलायच्या आधी तू मला उचललंस," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. "मला उठता येते की नाही, हे तुला कळलं नाही आणि मलाही नाही. आता कळलं."

अमृता उठली, लॅपटॉप आणून निखिलच्या ताटाशेजारी उघडून ठेवला आणि म्हणाली, "बुक कर."

त्याने केलं. उन्हाळ्याच्या आत, खिडकीची सीट.

विमानतळावर विहीणबाईंनी व्हीलचेअर नाकारली. निखिल गाडी पार्क करायला गेला होता, आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. मी त्यांना चिडवत होते की आता नागपूरला जाऊन सगळ्यांना सहाराच्या गोष्टी सांगून पिडाल. त्या हसल्या नाहीत.

"तिकीट त्यानंच काढलं," त्या म्हणाल्या. "बॅगा भरल्या, वजन केलं, गाडीत ठेवल्या. एकदाही नको जाऊ म्हटलं नाही पोट्ट्यानं."

"पण तुम्ही जिंकलात ना. आता कुठल्या तोंडाने म्हणेल तो?"

"हो न. ते आहेच."

मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "शरयूताई, नका जाऊ. राहा इथेच." सुरुवात मी गंमत म्हणूनच केली होती, पण "राहा" म्हणेपर्यंत ती गंमत राहिली नव्हती.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझा हात दाबला, उठल्या, आणि म्हणाल्या, "बस. कोणीतरी म्हणायला पाहिजे होतं न, विहीणबाई. आता सुखानं जाते."