करंदीकर काकांचं पेटंट

आमच्या वरच्या मजल्यावरचे करंदीकर काका कचरा टाकायला खाली उतरले तरी काखेत अमेरिकेच्या सरकारचं पेटंट असतं. झेरॉक्स आहे, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. कोणी सापडलं की काका ते वाचायला काढतात. एकदा धुराडं साफ करायला आलेला माणूस त्यांनी शिडीवर अडकवून ठेवला होता.

"ऐक शिवा. तिकडचं सरकार म्हणतं, गांजात औषध नाही, म्हणून बंदी. आणि त्याच सरकारने गांजातल्याच औषधाचं पेटंट स्वतःच्या नावावर घेतलं. एका हाताने बंदी, दुसऱ्या हाताने पेटंट. गेनाऊ!"

गेनाऊ म्हणजे जर्मनमध्ये 'अगदी बरोबर'. बाकीचं सगळं मला अलीकडे कळलं. आधी मी 'बंदी' शब्दापर्यंतच थांबायचो आणि तंदूर पेटवायचाय सांगून पळायचो. मी सातवी नापास, इथल्या हॉटेलात आचारी. जर्मनीतल्या या डार्मश्टाटमध्ये दगड मारला तर डॉक्टरेटवाल्याला लागतो, मी तेवढा सुटतो.

काकांनी इथे आयुष्यभर एका वकिलाकडे पेटंटच्या फायली लावल्या. त्यामुळे बोलणंही तसंच, प्रत्येक दाव्याला नंबर देत. माझा चहा पिऊन म्हणतात, "क्लेम नंबर एक, हा गार आहे. क्लेम नंबर दोन, हा चहा नाही."

मालूकाकूंच्या पायांच्या नसा दुखतात. डॉक्टरांनी गांजाचे थेंब लिहून दिले, पण विमावाले खर्च द्यायला नाही म्हणाले. काकांनी हरकतीचं पत्र पाठवलं, सोबत अख्खं पेटंट जोडलं. कंटाळून असेल, पण त्यांनी हो म्हटलं. "औषध येतंय रे, गांजाचं," काका जिन्यातून ओरडले. सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. बरं, मराठी कोणाला कळत नाही.

बुधवारी कुरियरवाल्याला वर कोणी दार उघडेना, म्हणून त्याने पार्सल माझ्या हातात दिलं. इथे शेजाऱ्याचं पार्सल घ्यायची पद्धतच आहे. वर अपोथेकेचं, म्हणजे औषधाच्या दुकानाचं नाव, खाली काकांचं. म्हणजे आत गांजा. शुक्रवारी मला व्हिसा वाढवायला ऑफिसात जायचं होतं, आणि डोक्यात काकांचा एकच शब्द, बंदी. पार्सल तळघरात कांद्याच्या पोत्यामागे लपवलं. काकांच्या पत्रपेटीतून 'पार्सल शेजाऱ्याकडे दिलंय' अशी कुरियरची चिठ्ठी डोकावत होती, तीही खिशात घातली. एवढी अक्कल मी शाळेत वापरली असती तर आठवीत गेलो असतो.

शुक्रवारी व्हिसा घेऊन परत आलो. काका पत्रपेटीपाशी उभे होते. काखेत फोल्डर नव्हतं.

"काका, पेटंट कुठाय?"

"वर, मालूच्या उशाशी. पाय फारच ठणकायला लागले की म्हणते, अहो, ते वाचा. माझ्या इंग्रजीला हसते, मग जरा डोळा लागतो." त्यांनी रिकामी पेटी पुन्हा उघडून बघितली. "तीन दिवस वाचतोय. आता हसत नाही ती. औषध कुठे अडकलंय कोण जाणे."

मी तळघरात गेलो आणि पार्सल आणून दिलं. त्याला कांद्याचा वास येत होता. चिठ्ठीही दिली, आणि सगळं सांगितलं.

काकांनी पार्सल फोल्डरच्या जागी काखेत घातलं. "क्लेम नंबर एक, तू गाढव आहेस."

"गेनाऊ," मी म्हटलं. "आणि दोन?"

"पहिल्यातच सगळं आलं." आणि सत्तरीचा माणूस दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

रविवारी दुपारी कांद्याची भजी घेऊन माफी मागायला गेलो. काकूंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. काका स्वयंपाकघरात फोल्डर मांडीवर घेऊन नुसतेच बसले होते.

"थेंब घेतले आणि झोपली," ते हळूच म्हणाले. "छान झोपलीय. वाचायची गरजच नाही पडली."

मग त्यांनी फोल्डरवरून हात फिरवला. "तू हे कधी पूर्ण ऐकलंच नाहीस ना रे?"

मी खुर्ची ओढून बसलो. दुसऱ्या क्लेमवरच मी घोरायला लागलो असेन. जाग आली तेव्हा माझ्या अंगावर काकूंची शाल होती, आणि काका अजून वाचत होते, अगदी बारीक आवाजात, माझी झोप मोडू नये म्हणून.