दहा पोत्यांचे शॉकअप

महांतेशनं पिकअप खाली बसवून घेतली ती आईसाठी. नीलाबाईंच्या गुडघ्यांना गाडीची उंच पायरी चढवत नव्हती, म्हणून शहादेव मेस्त्रीनं स्प्रिंगच्या कमानींतले दोन-दोन पाटे काढून टाकले. नीलाबाई आरामात चढू लागल्या. गाडी मात्र प्रत्येक खड्ड्यात दाणकन आदळू लागली, आणि केजमध्ये खड्डे शोधावे लागत नसत.

एरवी महांतेशनं ते चालवून घेतलं असतं. भुसार मालाच्या पोत्यांना कंबर नसते. पण चार दिवसांवर कपिलधारची यात्रा आली होती. महांतेशच्या वडिलांनी, शिवलिंगप्पांनी, ती उभ्या आयुष्यात चुकवली नव्हती, आणि ते गेल्यानंतरची ही पहिलीच. नीलाबाईंना जायचंच होतं. डॉक्टर म्हणाले होते, "जा, पण कमरेला धक्का बसता कामा नये. बसला तर सहा महिने अंथरुणात." महांतेश 'नेतो' म्हणून बसला होता आणि तेव्हापासून दमला होता.

"मागचे शॉकअप बदला, मालक," शहादेव म्हणाला. "खाली बसलेल्या गाडीला आखूड लागत्यात."

"मग घे माप."

गाडीत अंबाजोगाईच्या व्यापाऱ्याला पाठवायची दहा पोती ज्वारी भरलेली होती. "उतरवायची का?" शहादेवनं विचारलं.

"ऱ्हाऊ दे बे. हमालांच्या दोनदा मिनतवाऱ्या कोण करणार?"

शहादेव सुतळी घेऊन गाडीखाली शिरला आणि दोन गाठी मारून बाहेर आला.

बीडच्या दुकानदारानं विचारलं, "ऑइलचे देऊ का गॅसचे?"

"गॅसचे? त्याला बी नंबर लावावा लागतोय का?"

"नाही हो, नवीन निघालेत. मऊ हवेत का कडक? साधे का हेवी?"

महांतेशनं कपाळाला हात लावला. पूर्वी दुकानात एकच प्रकार असायचा आणि तोही संपलेला असायचा. माणूस निवांत घरी जायचा. आता सगळं दहा प्रकारचं मिळायला लागलं होतं, आणि शेजारी उभी असलेली दोन अनोळखी गिऱ्हाइकं ऑइल की गॅस यावरून एकमेकांवर ओरडत होती. शेवटी त्यानं सुतळी काउंटरवर टाकली. "ह्या मापाचे जे असतील ते द्या."

त्या मापाचा दुकानात एकच जोड निघाला.

केजला आल्यावर पोती उतरवली, गाडी जॅकवर घेतली आणि शॉकअप बोल्टापर्यंत पोचेनात. शहादेवनं हार मानली नाही. जॅक काढून त्यानं समोरच्या चहाच्या हॉटेलातली झाडून सगळी माणसं गाडीत मागं बसवली. गाडी दबली, बोल्ट बसले. माणसं उतरली, गाडी दबलेलीच राहिली. महांतेश चक्कर मारायला गेला आणि पहिल्याच गतिरोधकावर त्याचं डोकं टपाला लागलं.

शहादेवनं सुतळी पुन्हा गाडीखाली लावून बघितली. "मालक, माप भरल्या गाडीचं घेतलं की आपण."

"मंग?"

"मंग गाडी भरली की लई मऊ चालंल."

बीडच्या दुकानदारानं फोनवर एकच वाक्य ऐकवलं, "बोल्ट लागलेला माल परत होत नाही." यात्रा दुसऱ्या दिवशी होती. महांतेश ओट्यावर बसला, उठला, आणि हमालांना हाक मारली. "भरा रे पोती परत."

गाडी खरोखर पाळण्यासारखी चालली. नेकनूर मागं पडलं तेव्हा नीलाबाईंना डुलकी लागली होती. देवाला पोत्यांचं काय सांगायचं, एवढाच विचार करत महांतेश कपिलधारला पोचला. आईला गाडीत बसवून तो बेल-नारळ घ्यायला गेला. गर्दी होती, अर्धा तास मोडला. परत आला तेव्हा गाडी रिकामी होती आणि नीलाबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

"माय, पोती?"

"नेली की अन्नदानाला. ती पोरं इचाराया आलती, ज्वारी अन्नदानाची का म्हणून. मी म्हणलं, मग काय इकाया आणलीय का यात्रंत?" त्यांनी त्याचा हात धरला. "आप्पाच्या नावानं धा पोती आणलास आणि मला बोललाबी न्हाईस रे."

महांतेश खरं सांगणार होता. आप्पा गेल्यापासून आईचा चेहरा असा फुललेला त्यानं पाहिला नव्हता. त्यानं नारळ आईच्या हातात दिला. आतून त्याला लाजही वाटली आणि दहा पोतीही आठवली.

दर्शन झालं. आता रिकामी गाडी, उड्या मारणारे शॉकअप आणि आईची कंबर. महांतेश रस्त्यावर उभा राहून ओरडू लागला, "चला केज, केज! फुकट!" माणसं धावली. त्यानं एका किडकिडीत जोडप्याला मागं सारलं आणि एका जाडजूड पुढाऱ्याला हाताला धरून चढवलं. सोळा-सतरा माणसं झाली. गाडी पुन्हा मऊ.

पण नेकनूरला पुढारी टप वाजवू लागला. "थांबवा, माझं गाव आलं."

"येवढ्यात? चला की केजला, जेवून जावा."

"घरी वाट बघत्यात हो."

"बघू द्या! उद्या आणून सोडतो."

एकालाही त्यानं उतरू दिलं नाही. ज्यानं उतरतो म्हटलं, त्याला जेवणाचं आमंत्रण मिळालं. केजला दारात गाडी थांबली तेव्हा महांतेशची बायको कावेरी बाहेर आली, आणि एकामागून एक उतरणारी माणसं बघत उंबऱ्यातच उभी राहिली.

नीलाबाई ताठ कमरेनं खाली उतरल्या. "पिठलं-भाकरी टाक गं," त्या म्हणाल्या. "बापावर गेलाय. त्येंनीबी यात्रंतनं कधी एकट्यानं घर बघितलं न्हाई."

सगळ्यांची जेवणं होईपर्यंत महांतेश ओट्यावर बसून होता. नीलाबाई शेजारी येऊन टेकल्या. "पुढल्या वर्षी किती पोती न्यायची रे?"

महांतेशनं दबून उभ्या असलेल्या गाडीकडं पाहिलं.

"धाच," तो म्हणाला. "त्याच्या खाली जमत न्हाई."