सासऱ्यांची टाच आणि माझे सबवूफर

मला वायरिंग येतं. घरातली बेल मी स्वतः बसवली आहे आणि दाबली की ती बहुतेक वेळा वाजते. एवढ्या भांडवलावर मी सासऱ्यांच्या गाडीत दोन सबवूफर, म्हणजे ढमढम वाजणारे मोठे स्पीकर, जोडायला घेतले!

गाडी त्यांची, चालवणारा मी. रोज सकाळी त्यांना त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात सोडून मी ऑफिसला जातो. परवानगी देताना त्यांनी बजावलं होतं, "मला त्रास झाला तर त्याच दिवशी उतरवायचं." या माणसाला दार आपटलेलंही खपत नाही. माझे सबवूफर दोन दिवस तरी टिकतील का, हीच मला धास्ती.

स्पीकर डिकीत ठेवले आणि अ‍ॅम्प्लिफायर माझ्या सीटमागे, खाली. दोन्ही स्पीकरच्या प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडून टाकलं. पहिल्याच दिवशी काचा थरथरल्या, पण मागे बसलेले सासरे गप्प. आठवडाभर गप्प! मला राहवेना. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, बाबांची तब्येत बरी आहे ना?

अ‍ॅम्प्लिफायरची तब्येत मात्र बरी नव्हती. तो तव्यासारखा तापायचा आणि वीस मिनिटांत बंद पडायचा. त्यावर रोज एक टॉवेलही घडी करून ठेवलेला असायचा. बिचारे आवाज दाबायला ठेवत असतील, असं समजून मी तो उचलायचो. दुसऱ्या दिवशी टॉवेल पुन्हा हजर.

शेवटी गाडी गॅरेजच्या वायरमनला दाखवली. त्याने वायरी पाहिल्या आणि माझ्याकडे दयेने पाहिलं. स्पीकर चार-चार ओहमचे. मी जोडले तसे जोडले की दोघांचे मिळून दोनच होतात, आणि या अ‍ॅम्प्लिफायरला चारच्या खाली झेपत नाही. एकाचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला जोड, म्हणाला, म्हणजे आठ होतील. आवाज जरा उतरेल, पण तापणार नाही.

तसंच केलं. तासभर गाणी लावून हात ठेवून पाहिलं. गारेगार! इतका आनंद मला बेल वाजली तेव्हाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान आलं तरी सासरे उतरेनात.

"जावईबापू, हे बिघडलंय."

"नाही बाबा, उलट नीट झालंय. हात लावून बघा."

"हात कशाला? आठवडाभर पाय लावून बसतोय." त्यांनी चप्पल काढून टाच दाखवली. "डॉक्टरांनी शेक द्यायला सांगितलाय. टॉवेल टाकला की अगदी बेताचा बसायचा."

"आणि आवाज?"

"तो सोसत होतो. आता कशासाठी सोसू?"

संध्याकाळी सबवूफर उतरवले. त्या जागी आता गरम पाण्याची पिशवी असते. रोज सकाळी मीच भरतो.