अर्धी इथे, अर्धी तिथे

अंगणात अर्धी गाडी उभी दिसली की कोणीही "बाकीची कुठंय?" असंच विचारणार. दूधवाल्याने विचारलं, पोस्टमनने विचारलं, समोरच्या वकिलांनी तर फाटक उघडून आत येऊन विचारलं. दातांचे डॉक्टर प्रत्येकाला त्याच उत्साहाने सांगायचे, "मिळेल हो. जातेय कुठे?"

ती गाडी म्हणजे लष्कराचा जुना हाफ-ट्रॅक. पुढे ट्रकसारखी चाकं, मागे रणगाड्यासारखे पट्टे, असा तो प्रकार. पण कुठल्याशा भंगारवाल्याने तिचे मधोमध दोन तुकडे केले होते, आणि डॉक्टरांच्या वाट्याला फक्त पुढचा आला होता. मागे विटांचा टेकू.

"म्हणजे ट्रक आपल्याकडे आहे आणि रणगाडा नाही," डॉक्टरीणबाईंनी समजून घ्यायचा प्रयत्न केला.

"तसं नाही गं. दोन्ही मिळून एक."

"मग आत्ता हे काय आहे?"

डॉक्टरांनी बराच विचार केला. "आत्ता हे... पुढचं आहे."

बाई फार बोलल्या नाहीत, त्याला कारण होतं. हात थरथरायला लागले म्हणून डॉक्टरांनी दवाखाना बंद केला होता आणि तेव्हापासून ते घरात नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरत असत. गाडी आली आणि माणूस पुन्हा सकाळी अंघोळ उरकून कामाला लागला. दात कोरायच्या अवजारांनी त्यांनी इंजिनाचा कार्बोरेटर लख्ख केला. हात हलला तरी लोखंड कळवळत नव्हतं. फक्त गाडीने पुढचं दार अडवलं होतं आणि बाईंना स्वयंपाकघराच्या दाराने ये-जा करावी लागत होती.

डॉक्टरांनी पेपरात जाहिरात दिली. फोन आला तो शेजारच्या गावातल्या बेकरीवाल्यांचा.

"तुमच्याकडे अर्धी गाडी आहे ना? माझ्याकडेपण अर्धीच आहे."

"कुठली?"

"दुसरी."

डॉक्टरांनी कवळीसाठी घेतात तसा कापलेल्या कडेचा ठसा घेतला, त्यावरून प्लास्टरचा साचा केला आणि कुरिअरने पाठवून दिला. बेकरीवाले फोनवर ओरडलेच, "बसला! खाच न् खाच बसली!"

"कुठे उंच लागत नाही ना?"

"काय?"

"काही नाही, सवय. मग कधी पाठवताय?"

हे शेवटचं वाक्य दोघंही एकदमच बोलले, आणि तिथेच बिनसलं. डॉक्टरांचं म्हणणं, गाडी म्हणजे इंजिन. बेकरीवाल्यांचं म्हणणं, पट्टे नसतील तर तो नुसता ट्रक, रस्त्यावर पैशाला पासरी. आठवडाभर भांडून दोघांनी एकमेकांचे फोन घेणं बंद केलं. डॉक्टरांनी अवजारं पेटीत भरली आणि पुन्हा खोल्यांतून फेऱ्या सुरू झाल्या.

बाईंना ते बघवेना. कुठे का होईना, एकदाची गाडी पूर्ण होऊ दे, मग हे रोज बघायला जातील, असं त्यांनी ठरवलं. डॉक्टर कुठेतरी पट्टे मिळतात का ते पाहायला गेले, त्या दिवशी बाईंनीच बेकरीवाल्यांच्या घरी फोन लावला. फोन बेकरीवाल्या वहिनींनी घेतला.

"हे झोपलेत. रात्रभर भट्टीवर असतात, दिवसा कानाशी ढोल वाजवला तरी उठायचे नाहीत," वहिनी म्हणाल्या. "आणि तुमच्या त्या गाडीपायी तोंड फुगवून बसलेत."

"आमचेही तसेच. म्हणून म्हटलं, आपणच मिटवू या. इथलं तिथे पाठवलं की झालं."

"अगदी मनातलं बोललात! इथलं तिथे. आजच पाठवू या."

"आजच. यांना मात्र कळायला नको."

"छे हो!"

दोघींनी समाधानाने फोन ठेवले. दुपारी क्रेन आली आणि पुढचा भाग ट्रेलरवर चढून गेला. बाई कितीतरी दिवसांनी पुढच्या दारातून घरात आल्या. संध्याकाळी फाटकाशी पुन्हा ट्रेलर.

"परत का आणलंत?" बाई धावल्या.

"परत कुठलं, बाई? हे मागचं आहे. बेकरीतून आलंय."

बाई पायरीवर खाली बसल्या. तेवढ्यात डॉक्टर आले. पट्टे बघून त्यांचे डोळे भरून आले. "माणूस दिलदार निघाला गं!" म्हणत त्यांनी त्या लोखंडाला एक प्रदक्षिणा घातली. मग दुसरी, जरा हळू. तिसरीत ते थांबले.

"अगं, पुढचं कुठे गेलं?"

"पुढे गेलं," बाई म्हणाल्या.

इतक्यात फोन वाजला. पलीकडे बेकरीवाले होते. "डॉक्टर, उठून बघतो तर दारात इंजिन! काय माणूस आहात!"

"आणि तुम्ही! हे पट्टे पाठवताना जिवावर आलं असेल."

"कुठले पट्टे?"

डॉक्टर सावकाश म्हणाले, "जरा तुमचं मागचं जागेवर आहे का, बघून येता?"

लांब जाणाऱ्या चपलांचा आवाज आला. बऱ्याच वेळाने त्या परत आल्या. "डॉक्टर, मागचं दिसत नाहीये हो."

मग दोन्ही घरांत खरं काय ते बाहेर आलं. डॉक्टर रात्रभर या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. सकाळी त्यांनी स्वतःच बेकरीवाल्यांना फोन केला, "जाऊ दे. इंजिन तुमच्याकडे आहे, हेही घेऊन जा." आणि सांगायला अंगणात आले. तर बाई गाडीत. पुढच्या भागात चालकाची एकुलती एक जागा होती, या मागच्या भागात समोरासमोर दोन लांब बाकं. एका बाकावर बाई, दुसऱ्यावर वकिलांची बायको, मध्ये चहा.

"उद्या नेतील ते," डॉक्टर म्हणाले.

"हात तर लावून बघू देत. इतकी ऐसपैस जागा घरात आहे कुठे? तुम्हाला इंजिन हवंय ना? मग जा तिकडे. बस जाते की."

डॉक्टरांनी आत जाऊन अवजारांची पेटी काढली आणि बस पकडली.

दुपारी बाईंचा मोबाईल वाजला. पलीकडे डॉक्टर आणि बेकरीवाले दोघंही एकाच वेळी ओरडत होते, त्यामुळे काहीच कळेना. बाईंनी स्पीकर लावून मोबाईल बाकावर ठेवला. आधी खोकल्यासारखं काहीतरी झालं, मग एक मोठा धडाका, आणि त्यामागून इंजिनाची खणखणीत घरघर सुरू झाली.

वकिलांच्या बायकोने दचकून एका हाताने कप सांभाळला आणि दुसऱ्याने गाडीचा कठडा घट्ट पकडला.