माझं नाक आणि ऋतुजाचं मशीन

रविवारी सकाळी मी ठरवलं, आज शेजारी डोकावायचं न्हाई. (दहा मिनिटं टिकलो.)

इलाजच नव्हता. आमच्या गल्लीत कुणीही मासा आणला की तो आधी माझ्या नाकाखालून जातो. मी हुंगून 'ताजा' म्हटल्याशिवाय कुणी कढई चढवत नाही, आणि या मेहनतीचा एक तळलेला तुकडा मला घरपोच येतो. वीस वर्षांचा रिवाज! आता शेजारच्या भिमावहिनींच्या ऋतुजानं अंबाजोगाईच्या कॉलेजातून मासा हुंगणारं मशीनच करून आणलं. म्हणजे माझा तुकडा गेला की!

डोक्याला टॉवेल गुंडाळला होता, तसाच गेलो.

"काका, टॉवेल कावून?"

"डोकं दुखतंय. मशीन दाखव."

काडेपेटीएवढी डबी. आत काचेवर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ थर. शिळ्या माशातून वायू सुटतो, तो थराला लागला की लाल दिवा. न्हाई तर हिरवा.

ओट्यावर रोहू होता. मी वाकून हुंगला. "एकदम ताजा!"

ऋतुजानं डबी धरली. लाल.

"भाऊजी, नाकाला पेन्शन द्या आता," वहिनी म्हणाल्या.

मी तणतणत घरून परात आणली. पहाटेच पालीच्या धरणावरून आणलेला मासा त्यात शेपटी आपटत होता. मी वर वाकून उभा. डबी धरली. लाल!

"अगं, जिता हाय की त्यो! जित्याला शिळा म्हणतंय व्हय हे?"

"सकाळपासून बरोबर दाखवत होतं, काका..." पोरीचा चेहरा उतरला. "उद्या सरांना दाखवायचंय."

वहिनींनी दोन्ही मासे मोरीत नेऊन ठेवले. मी धीर द्यायला ऋतुजाजवळ सरकलो. समोर मासा नाही, तरी लाल! (यंत्रालाही माझ्याशी दुश्मनी.)

तेवढ्यात भिंतीपलीकडून आमची वनमाला ओरडली, "अहो, कलप लावून तास झाला! डोकं धुता का न्हाई?"

ऋतुजानं डबी हळूच माझ्या टॉवेलजवळ आणली. लालभडक. मग मला अंगणात उभं केलं आणि डबी मोरीतल्या माशांवर धरली. हिरवा.

"कलपात अमोनिया असतो, काका! शिळ्या माशातूनबी तसलाच वायू निघतो."

"आन् सगळ्या गल्लीचे मासे हुंगणाऱ्या नाकाला सोताच्या डोक्याचा वास आला न्हाई?" वहिनींनी हसून पदर तोंडाला लावला.

दुपारी तुकडा मात्र आला. ताटली घेऊन ऋतुजाच आली, काखेत प्रोजेक्टची वही. मी कौतुकानं उघडली. 'मशीनला येणारे अडथळे' याखाली तीन ओळी होत्या: हवेतली ओल, चुलीचा धूर, शेजारचे काका.